एकच चिठ्ठी, दोनदा

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. तिकडची खबर आईच्या फोनवरून कळत असते. भावजींचा खोकला गेला म्हणे, बरं झालं.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की तू "हं", "बरं", "आईला देते" एवढ्यात मला गुंडाळतेस. मोबाइलवर लिहावं तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून म्हटलं, कागदच बरा. मी दिवसभर यंत्रांची पत्रं यंत्रांना पोचवत असतो, माणसाला हातानं लिहिलेलं हे दहा वर्षांतलं पहिलंच. अक्षर बघून हसशील. लहानपणी तू माझ्या बोटांवर पट्टी मारायचीस, ती कमीच पडली म्हणायची.

आमचं ऑफिस दोन मजले वर गेलं. आता खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, आधी तीही दिसत नव्हती. बाकी काम तेच. या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमनं त्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवावा, पण डोळे मिटून ठेवू नये, यासाठी मला पगार मिळतो. घरात दोन माणसांचं हे जमत नाही, तिथे यंत्रांचं काय घेऊन बसलीस!

असो. आई सांगत होती, फार्मासिस्टच्या नोंदणीचं नूतनीकरण ३१ मार्चच्या आत करायचं आहे आणि तुझा फॉर्म कोरा पडलाय. तुझ्या वर्गमैत्रिणीनं, त्या औषधाच्या दुकानवाल्या बाईंनी, दोनदा घरी येऊन नोकरी देऊ केली आणि दोन्ही वेळा तू त्यांना चहा पाजून परत पाठवलंस. "माझ्या हातावर माझा भरवसा राहिला नाही" असं म्हणालीस म्हणे. हे सांगताना आई रडत होती.

ताई, फॉर्म भर. त्या दिवशी तुझी चूक नव्हती. धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही, पुरावा सापडलाय. सोबतचा कागद बघ.

तुझ्या हॉस्पिटलात दोन प्रोग्रॅम होते, आठवतात ना? डॉक्टरांच्या स्क्रीनमागचा दुसऱ्या एका कंपनीनं त्यांच्या भाषेत लिहिलेला, तुमच्या औषधाच्या खिडकीमागचा आमच्या कंपनीनं आमच्या भाषेत. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की ती निरोप बनून त्यांच्या सर्व्हरवरून आमच्या सर्व्हरवर यायची आणि मग तुझ्या स्क्रीनवर. वाटेत कुणी खोटी चिठ्ठी घुसवू नये म्हणून प्रत्येक निरोपाबरोबर पाठवणाऱ्याची संगणकी सही, निघाल्याची वेळ आणि एक क्रमांक यायचा. सही जुळली नाही तर निरोप परत. पाच मिनिटांपेक्षा शिळा असला तर परत. तोच क्रमांक आधी येऊन गेला असला तरी परत.

झालं होतं असं, की पाच मिनिटांची ती मर्यादा कुणीतरी चोवीस तासांवर नेऊन ठेवली होती. क्रमांक लक्षात ठेवायची मुदत मात्र पाच मिनिटांचीच राहिली. त्या मंगळवारी सकाळी तुमच्या गल्लीतल्या टेलरकाकांची चिठ्ठी आली आणि तू रक्त पातळ करायचं इंजेक्शन वॉर्डात पाठवलंस. चिठ्ठी मिळाल्याची पोच आमच्याकडून निघाली, पण वाटेत कुठेतरी हरवली. दुपारी डॉक्टरांकडचा सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि ज्यांची पोच आली नव्हती ते सगळे निरोप त्यानं इमानदारीत पुन्हा पाठवले. आमच्या प्रोग्रॅमनं सही बघितली, बरोबर. वेळ बघितली, चोवीस तासांच्या आत. सकाळचा क्रमांक तो केव्हाच विसरला होता. त्यानं घेतली चिठ्ठी आत. तुझ्या स्क्रीनवर ती नवी म्हणूनच आली. तू इंजेक्शन पाठवलंस, सिस्टरनं दिलं. चिठ्ठीचा नंबर एकच, म्हणून दुसरी नोंद पहिलीच्या जागी जाऊन बसली. चौकशीत मग चिठ्ठी एक आणि औषध दोनदा, एवढंच दिसलं.

आम्ही जुने सर्व्हर काढून टाकतोय. गेल्या आठवड्यात त्यांतल्या नोंदी चाळताना हे हाती लागलं. लगेच छापून घेतलं.

आता तरी फॉर्म भर. भावजींना नमस्कार, आईला पत्र वाचून दाखवू नकोस, तिला यातलं कळणार नाही आणि उगाच काळजी करत बसेल.

तुझा,
बारक्या


१४ मार्च

बारक्या,

पत्र मिळालं. आई बरी आहे. ह्यांचा खोकला गेलेला नाही, आई तुला बरं वाटावं म्हणून तसं सांगते.

नमनाला घडाभर तेल ही तुझी सवय जुनी आहे. ते सगळं ओलांडून कागदापर्यंत पोचले. नऊ बारा आणि चौदा सव्वीस. क्रमांक तोच, दोन्ही ओळींपुढे "स्वीकारला". चार वेळा वाचलं. मग ओट्यापाशी जाऊन पदरानं डोळे पुसले. आईनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, कांदा.

म्हणजे मी दोनदा बघितलं होतं. अडीच वर्षं मी स्वतःला समजावत आले, की दुसरी चिठ्ठी मी मनानंच रचली. माणूस स्वतःला वाचवायला काय वाट्टेल ते रचतं, असं चौकशी समितीतले एक डॉक्टर मला म्हणाले होते. मी ते मान्य केलं होतं. टेलरकाकांचं दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला. पोटात रक्तस्राव झाला, तीन आठवडे ते पलंगावर होते, उठले ते निम्मे होऊन. मी भाजी आणायला मागच्या रस्त्यानं जाते. तिकडून दहा मिनिटं जास्त लागतात.

आता दुसरी गोष्ट. वीस वर्षं औषधांच्या खिडकीत उभं राहिलेलं माणूस कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्यावरची तारीख शोधतं. तुझ्या कागदाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, छापल्याची तारीख आहे. अक्षर बारीक आहे, पण माझा चष्मा नवा आहे. सात ऑगस्ट. वर्षही त्या मंगळवारचंच.

चौकशी बारा ऑगस्टला होती. मी राजीनामा वीसला दिला.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी तुला फोन केला होता. विचारलं होतं, "एकच चिठ्ठी दोनदा येऊ शकते का रे?" तू म्हणालास, "शक्यच नाही, ताई. तिला तीन कुलपं आहेत." समितीनं मला विचारलं, दुसरी चिठ्ठी खरंच आली असेल असं तुम्हाला वाटतं का? मी म्हटलं, माझा भाऊ त्यातला जाणकार आहे, तो नाही म्हणतो, तर माझंच चुकलं असेल. हे वाक्य त्यांच्या अहवालात आहे, शोधून वाच.

आणि "कुणीतरी" म्हणजे कोण? आमच्या धंद्यात बाटलीवर "काहीतरी" लिहिलेलं चालत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

मला उत्तर लिहिण्याआधी टेलरकाकांकडे जा. जे असेल ते त्यांना सांग. घर तुला माहीत आहे.

फॉर्म कोराच आहे.

ताई


२२ मार्च

ताई,

कुणीतरी म्हणजे मी.

सगळं सांगतो. तुमच्या हॉस्पिटलात हे दोन प्रोग्रॅम पहिल्यांदा जोडले तेव्हाची गोष्ट. काम सोमवारी सुरू व्हायचं होतं आणि शनिवारी दुपारपर्यंत डॉक्टरांकडचा एकही निरोप आमच्या बाजूला आत येत नव्हता. सही जुळत होती. अडत होतं वेळेपाशी. त्यांचा प्रोग्रॅम जगाच्या मुख्य घड्याळातली वेळ लिहायचा, पण ती कुठल्या घड्याळातली ते लिहायचा नाही. आमचा प्रोग्रॅम ती आपल्या इथल्या घड्याळातली समजायचा. त्यामुळे प्रत्येक निरोप आम्हाला काही तास शिळा वाटायचा. मी त्यांच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "आमच्या भाषेत वेळ अशीच येते, तुम्ही बदला." मी म्हटलं, "आमच्या भाषेत ती अशीच वाचतात, तुम्ही बदला." तासभर हेच. त्याला वाटत होतं मी अडाणी, मला वाटत होतं तो. शेवटी मी म्हटलं, जाऊ दे, दोन दिवस मर्यादा चोवीस तास करून ठेवतो, काम सुरू झालं की निवांत भांडू. फोन ठेवताना दोघंही हसलो होतो.

ते दोन दिवस दीड वर्ष चालले. सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर कोण बघतं? मी स्वतः विसरून गेलो. क्रमांकांची मुदतही वाढवायला हवी, हे तर शनिवारीही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

म्हणून मंगळवारी तू फोन केलास तेव्हा मी खोटं बोललो नाही, ताई. तीन कुलपं आहेत असं मला खरंच वाटत होतं. तू ठेवलास आणि मला घमेंडीत झोपही छान लागली. बुधवार, गुरुवार मी दुसऱ्याच कामात होतो. शुक्रवारी सहज म्हणून नोंदी उघडल्या. टेलरकाकांचा क्रमांक दोनदा दिसला, मर्यादेचा आकडा दिसला, आणि पाचावर धारण बसली. त्या दोन ओळी छापून घेतल्या. का, ते आजही सांगता येत नाही.

मग दुरुस्ती केली. किती होती माहीत आहे? एक ओळ. त्यांची वेळ वाचताना आपल्या वेळेत बदलून घ्यायची, बस्स. दहा मिनिटं लागली. शनिवारी भांडण्यात तास घालवला, त्यात ती सहा वेळा लिहून झाली असती. मर्यादा परत पाच मिनिटांवर आणली. सर्व्हरवर आम्ही सगळे एकाच नावानं आत जायचो, त्यामुळे मर्यादा वाढवणारा कोण आणि उतरवणारा कोण, ते कुठेच उमटलं नाही. त्याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. हेही लिहून टाकतो.

जुने सर्व्हर काढतानाची गोष्ट मी बनवलेली होती. त्या नोंदी वर्षभरानं आपोआप पुसल्या जातात. पुरावा म्हणून जगात तो एकच कागद होता, आणि तो माझ्या खणात होता.

गप्प का राहिलो? घाबरलो. आधी वाटलं, तू वीस वर्षांची जुनी, तुला समज देऊन सोडतील, मग कशाला बोंब. तू राजीनामा दिलास. मग वाटलं, आता सांगून काय होणार. मग आई म्हणाली की ताईचं बरं चाललंय, घरी विश्रांती मिळतेय, आणि मी ते हावऱ्यासारखं मानून घेतलं. न सांगण्याचं कारण दर महिन्याला नवं मिळत गेलं. तू फोनवर "आईला देते" म्हणायचीस, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायचं.

आणि कोपऱ्यातली तारीख. ती राहून गेली असं लिहिणार होतो. ते खोटं होईल. पाकिटात घालण्याआधी कात्री हातात घेतली होती, कोपऱ्यापाशी नेलीही होती. मग तशीच घडी घातली. तुला दिसेल हे मला माहीत होतं. स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून शोधायचं कामही तुझ्यावरच टाकलं.

काल टेलरकाकांकडे गेलो. तुमच्या दारावरून गेलो, वर आलो नाही. ते मशीनवर बसले होते. हल्ली फक्त बटणं आणि काठ करतात. मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो, तर म्हणाले, "बस आधी. मान वर करून ऐकायला मला त्रास होतो." बसलो. सर्व्हर, सही, वेळ, सगळं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली आणि म्हणाले, "हे मला काही कळलं नाही. एवढंच सांग, बाईंचं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"तुझं चुकलं?"

"हो."

"आणि तुला तेव्हाच कळलं होतं?"

"चौथ्या दिवशी."

मला वाटलं हाकलतील. मग म्हणाले, "कापड माझ्या हातून वाकडं कापलं गेलं, तर मला ते बोलावं लागतं. नाही बोललो, तर गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून स्वतःच्या अंगाला दोष देतं. तू तुझ्या बहिणीला अडीच वर्षं त्या आरशासमोर उभं केलंस." मी माफी मागितली. ते म्हणाले, "माझी राहू दे. मी त्या बाईंबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ काय काय बोललोय, ते आता कसं परत घेऊ, ते सांग."

ऑफिसात मोठ्या बाईंना सोमवारीच सांगितलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, लेखी दे. दिलं. सध्या मला घरी बसवलंय, पुढचं त्या ठरवतील. हॉस्पिटलला कंपनीनं कळवलंय. माझ्या लेखी कबुलीची प्रत सोबत आहे. तुझ्या नोंदणी कार्यालयाला दाखव, दुकानवाल्या बाईंना दाखव, गल्लीत लाव. खाली माझं पूर्ण नाव, सही आणि तारीख आहे.

तू माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःला खोटं ठरवलंस. अहवालातलं ते वाक्य मी शोधून वाचलं. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. हे तुला दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. माफी मागतो, ताई. दे असं म्हणत नाही.

बारक्या


४ एप्रिल

बारक्या,

पत्र आणि कबुलीची प्रत मिळाली. तारीख बघून घेतली.

फॉर्म एकोणतीसला भरला. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं "इतका उशीर का?" विचारलं. मी म्हटलं, टपालाला वेळ लागला. एक तारखेपासून दुकानात जाते. तुझी कबुली मैत्रिणीला दाखवली, तिनं अर्धीच वाचली आणि म्हणाली, "मला आधीही हवीच होतीस. आता हे आत ठेव आणि ते खोके उचल." पहिल्या दिवशी अठ्ठावन्न चिठ्ठ्या झाल्या. संध्याकाळी पाय सुजले होते, पण झोप लागली.

टेलरकाका सोमवारी घरी आले. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, मी तुमच्याबद्दल बरंच बोललोय." मी म्हटलं, "मीही स्वतःबद्दल तेच बोलत होते." मग त्यांनी आत येऊन चहा घेतला, ह्यांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं ते बसवून दिलं आणि गेले.

आता तुझं. मर्यादा वाढवून ठेवलीस आणि विसरलास, त्याचा मला राग नाही. वीस वर्षांत माझ्या हातूनही चुकीची बाटली दोनदा खाली काढली गेली आहे. दोन्ही वेळा शेजारणीनं बघितली म्हणून वाचले. चुका होतात, म्हणून तर आपण एकमेकांचं तपासतो.

माझा राग सात तारखेपासून बारा तारखेपर्यंतचा आहे. त्या पाच दिवसांत तुझ्या खणात तो कागद होता, आणि मी इथे समितीसमोर काय बोलायचं ते आरशासमोर घोकत होते. नंतरची अडीच वर्षं एक वेळ मी समजून घेईन, माणूस एकदा गप्प बसलं की त्याला तोंड उघडणं अवघड होतं, हे मला कळतं. ते पाच दिवस मला समजून घेता येत नाहीत. प्रयत्न करून बघितला. पुढे जमेल की नाही, माहीत नाही. जमलं असं खोटं तुला लिहिणार नाही.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी माझं तुझ्यावर ढकलते आहे. धाकट्यावर तिचा जीव जरा जास्तच, त्याचं तुला आजवर नुसतं सुखच मिळालं. रविवारी ये आणि तूच सांग. मी आतल्या खोलीत असेन, मध्ये बोलणार नाही. ती रडेल, तिला रडू दे, विषय बदलू नकोस. जेवायला थांबू नकोस. पुढचं पुढे बघू.

यायच्या आधी फोन कर. मी उचलीन.

तुझी
ताई

("ताई" लगेच लिहिलं होतं. "तुझी" लिहायला दोन दिवस लागले.)